जुन्या नाशकातला वाडा दुरुस्त करायचा तर पैसा कुठून येतो?

प्रश्न थोडक्यात असा: मेन रोडच्या मागच्या गल्लीत चौकाचा जुना सागवानी वाडा आहे. मिळकत पत्रिकेवर तीन भावांची नावे, वाड्यात चार जुने भाडेकरू. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे आणि बिल्डर रोज फोन करतो. वाडा पाडायचा नाही, पण खर्च झेपत नाही. जुनी वास्तू जपणाऱ्याला सरकार पैसे देते का, करात सूट मिळते का, आणि ती मिळवायची कशी?

आधी गैरसमज काढून टाकू. खासगी मालकाच्या खात्यात दुरुस्तीसाठी रोख रक्कम जमा होईल, हे धरून हिशेब मांडू नका. सरकारवाड्याला निधी मिळाला मग आम्हाला का नाही, असे जुन्या नाशकात नेहमी ऐकू येते. सरकारवाडा सरकारी मालकीचा आणि राज्य संरक्षित स्मारक आहे. त्याचा खर्च पुरातत्त्व विभागाच्या अंदाजपत्रकातून होतो. सुंदरनारायण मंदिराचे दगड उतरवून पुन्हा रचण्याचे काम झाले तेही राज्य संरक्षित स्मारक म्हणूनच. तुमचा वाडा त्या यादीत नाही आणि बहुतेक येणारही नाही. आला तर दुरुस्तीतला तुमचा शब्द कमी होईल, हेही लक्षात घ्या. अमेरिकेत उत्पन्न देणाऱ्या प्रमाणित ऐतिहासिक इमारतीवर केलेल्या पात्र खर्चाच्या २० टक्के रक्कम केंद्रीय आयकरातून वजा होते. ते वाचून आपल्याकडेही तशी सोय असेल असे अनेकांना वाटते. तशी थेट करसूट भारतात नाही.

आपल्याकडे जो मोबदला मिळतो तो तीन वाटांनी: विकास हक्क, वापर बदलण्याची परवानगी आणि कराच्या हिशेबातली जागा. तिन्हींची गोम एकच आहे. ते कामाला हात लावण्याआधीच्या कागदांवर ठरतात. आधी कौले उतरवली आणि मग फायली फिरवल्या, तर तिन्ही हातातून जातात.

नोटिशीपासून सुरुवात

महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची नोटीस म्हणजे वाडा पाडण्याचा हुकूमच, अशी समजूत आहे आणि ती पसरवण्यात काहींचा फायदा असतो. त्या कलमात पाडणे, टेकू देऊन सुरक्षित करणे आणि दुरुस्त करणे हे तिन्ही पर्याय आहेत. तुमच्या नोटिशीत नेमके काय म्हटले आहे ते वाचा. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या: आम्ही दुरुस्ती करणार आहोत, तांत्रिक अहवाल अमुक तारखेपर्यंत देतो, तोवर अमुक ठिकाणी धिरे (टेकू) दिले आहेत. उत्तरच दिले नाही तर पुढची पायरी कलम २६८ ची, म्हणजे इमारत रिकामी करण्याची. याशिवाय ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीच्या मालकाने कलम २६५अ प्रमाणे संरचनात्मक स्थैर्याचा दाखला द्यायचा असतो. म्हणजे हा अहवाल तुम्हाला तसाही लागणारच आहे.

हा अहवाल कोणाकडून घेता यावर पुढची सगळी गणिते फिरतात. काँक्रीटची सवय असलेला अभियंता काँक्रीट तपासायचा हातोडा घेऊन येतो. लाकडी सांगाड्यावर त्या यंत्राचा काही उपयोग नाही. मग तो चार फोटो काढतो आणि ‘आयुष्य संपले’ असे लिहून मोकळा होतो. लाकूड जाणणाऱ्याचा अहवाल वेगळा दिसतो. त्यात प्रत्येक तुळईला क्रमांक असतो. तुळईचे भिंतीत शिरलेले टोक अणकुचीदार पोगराने टोचून किती खोलवर लाकूड भुसभुशीत आहे ते सेंटिमीटरमध्ये लिहिलेले असते. खांब ओळंब्यात आहेत का, कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचे छत) मधोमध किती झोळला आहे, भिंतीतली ओल किती उंचीपर्यंत चढली आहे, हेही त्यात येते.

जुन्या वाड्यात सागवान सहसा मधे कुजत नाही. कुजते ते बाहेरच्या भिंतीत घुसलेले टोक, खांबाची जोत्याच्या दगडावर टेकणारी वीत-दीड वीत, आणि वरच्या मजल्यावर मागाहून बसवलेल्या संडास-मोरीखालच्या कड्या. याला कारण पाणीच. फुटकी पन्हळ, कौलावर टाकलेला आणि कडेला न दुमडलेला पत्रा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर मारलेला सिमेंटचा गिलावा. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट तिला आत कोंडते, मग ती लाकडात शिरते आणि मागोमाग वाळवी येते. कुजलेले टोक कापून तेवढाच सागाचा तुकडा सांधता येतो, किंवा लोखंडी बूट बसवता येतो. सगळी तुळई बदलण्याच्या खर्चाचा तो लहानसा हिस्सा असतो. म्हणून अहवालात ‘वाडा धोकादायक’ या एका ओळीऐवजी ‘२४ पैकी ७ तुळयांची टोके बाधित’ अशा स्वरूपाची नोंद हवी. हीच नोंद पुढे बँकेला, नगररचना विभागाला आणि आयकराच्या हिशेबाला उपयोगी पडते.

मालकीचे कागद

इथे फार बोलण्यासारखे नाही, पण निम्मी प्रकरणे इथेच अडकतात. मिळकत पत्रिकेवर आजोबांचे नाव असेल तर आधी वारस नोंद. आत्यांची नावे सोडू नका. बँक आणि नगररचना दोघेही विचारतात. ज्यांना हिस्सा नको आहे त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोड पत्र घ्या. वडिलोपार्जित मिळकतीचा हक्क भावंडांच्या, आईवडिलांच्या किंवा मुलांच्या नावे सोडला तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघे ५०० रुपये आहे. हीसुद्धा एक आर्थिक सवलतच, फक्त तिला कोणी तसे म्हणत नाही. तिघांपैकी एकाला कामापुरते कुलमुखत्यार करा आणि दुरुस्तीचे एक संयुक्त बँक खाते उघडा. सगळा खर्च त्यातूनच करा. कारण पुढे येते.

वारसा यादी आणि तिच्यातून मिळणारे

महाराष्ट्राची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. नाशिक महापालिकेला ती लागू आहे आणि वारसा इमारतींच्या जतनाच्या तरतुदी तिच्यात आहेत. तत्त्वे मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमांपासून चालत आलेली आहेत. इमारतींची यादी करायची आणि त्यांना श्रेणी १, २, ३ द्यायची. श्रेणी १ मध्ये मूळ रूपाला जवळजवळ हात लावता येत नाही. श्रेणी २ मध्ये आतले बदल करता येतात. श्रेणी ३ मध्ये बरीच मोकळीक मिळते. निर्णय वारसा संवर्धन समितीच्या शिफारशीने आयुक्त घेतात.

नगररचना विभागात लेखी विचारा: आमचा सिटी सर्व्हे क्रमांक यादीत आहे का, असल्यास श्रेणी कोणती. तोंडी उत्तरावर थांबू नका. यादीत नसेल आणि तुम्हाला हवे असेल, तर मोजणीचे नकाशे, दर्शनी भागाचे व कोरीव कामाचे फोटो आणि वाड्याची कागदोपत्री माहिती जोडून समावेशाची विनंती करता येते. ती करण्याआधी मात्र पुढचा हिशेब मांडाच.

लोकांना सगळ्यात जास्त भुरळ पडते ती टीडीआरची. वारसा नियमांमुळे तुम्हाला बांधता येणारे बांधकाम बांधता आले नाही, तर त्या नुकसानीपोटी तेवढा हस्तांतरणीय विकास हक्क मिळू शकतो. तो विकास हक्क प्रमाणपत्राच्या रूपात मिळतो आणि विकता येतो. ऐकायला छान आहे. पण नुकसान मोजतात कसे? भूखंडावर जितके बांधता आले असते त्यातून आज जितके उभे आहे ते वजा करून.

समजा, तुमचा भूखंड ३०० चौरस मीटर आहे आणि मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येते) १.५ धरला. म्हणजे ४५० चौरस मीटर बांधता आले असते. चौक सोडून तळमजला २१० चौरस मीटर भरतो. वाडा दोन मजली असेल तर उभे बांधकाम ४२०, नुकसान ३०. तीन मजली असेल तर उभे बांधकाम ६३०. इथे नुकसान काहीच नाही. तुम्ही आजच मर्यादेच्या वर आहात, मग टीडीआर कशाचा मिळणार? जुन्या नाशकातले दाटीचे वाडे बहुधा याच रकान्यात पडतात. टीडीआरचा खरा फायदा मोठ्या आवारातल्या बैठ्या बंगल्यांना होतो.

वरच्या उदाहरणातले ३० चौरस मीटर मिळाले तरी ते कुठे वापरले जातात यावर आकार बदलतो. तुमच्या भूखंडाचा वार्षिक मूल्यदर (रेडी रेकनरचा दर) भागिले वापरणाऱ्या भूखंडाचा मूल्यदर, गुणिले क्षेत्र, असे सूत्र आहे. तुमच्या गल्लीचा दर घेणाऱ्याच्या दराच्या दुप्पट असेल तर ३० चे ६० होतात, निम्मा असेल तर १५. म्हणून विकताना ‘किती मीटर’ एवढेच बोलून सौदा करू नका. दोन्हीकडचे दर समोर ठेवा.

याच गणिताची दुसरी बाजू बिल्डर सांगत नाही. तीन मजली वाड्याचे ६३० चौरस मीटर आज उभे आहेत. पाडले की ते नव्या नियमांत बसवायचे. पुढे रस्ता रुंदीची रेषा असेल तर तेवढी पट्टी जाते, वाहनतळ दाखवावा लागतो, मोकळे अंतर सोडावे लागते. आज तुमची बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक आहे, हे विसरू नका. प्रीमियम (जादा क्षेत्राचे शुल्क) भरून किंवा टीडीआर घेऊन क्षेत्र वाढवता येते हे खरे, पण ते रस्त्याच्या रुंदीला बांधलेले आहे. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडावर टीडीआर चढवता येत नाही, आणि जुन्या नाशकात ९ मीटरची गल्ली शोधावी लागते. बिल्डर तीनचार वाडे एकत्र करतो तेव्हाच त्याचे जमते. गोदावरीच्या निळ्या पूररेषेत असाल, म्हणजे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी आले की तुमच्या ओसरीत चिखल येत असेल, तर नव्या बांधकामावरच्या अटी आणखी कडक होतात. अशा ठिकाणी उभे क्षेत्र टिकवणे हाच मोठा आर्थिक लाभ आहे. तो कोणत्याही योजनेच्या नावाने येत नाही, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही.

यादीत येण्याचा अधिक कामाचा फायदा वापराचा आहे. मालकाने वास्तू आहे त्या रूपात जपण्याचे, योग्य दुरुस्ती ठेवण्याचे हमीपत्र दिले, तर समितीच्या संमतीने राहत्या भागाचे काही किंवा सगळे क्षेत्र कार्यालय, दुकान किंवा निवासगृह अशा वापरासाठी बदलून मिळू शकते. सराफ बाजार, भांडी बाजार, रविवार कारंजा या भागात पहिल्या मजल्यावरच्या रिकाम्या खोल्यांना याने भाव येतो. हमीपत्र मात्र नीट वाचून द्या. ते मिळकतीला चिकटते. उद्या विकलात तरी घेणाऱ्यावर बंधन राहते. अशा नियमांत दुरुस्ती निधीची तरतूदही लिहिलेली असते: महापालिकेने वेगळा निधी ठेवायचा आणि समितीच्या सल्ल्याने वाटायचा. तो निधी अंदाजपत्रकात आहे का हे विचारा, अर्जही द्या. पण त्या भरवशावर गवंड्याला उचल देऊ नका.

भाडेकरू हा खर्च आहे की साधन

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मालकाविरुद्धच आहे, अशी तक्रार असते. तक्रारीत तथ्य आहे, पण त्यातल्या दोन तरतुदी मालक वापरतच नाहीत. एक, दरवर्षी ४ टक्के वाढ. ती वर्षानुवर्षे न मागितलेले मालक शेकड्याने सापडतील. दुसरी अधिक महत्त्वाची. किमान ७० टक्के भाडेकरूंनी लेखी संमती दिली तर सुधारणा किंवा संरचनात्मक बदलांवर झालेल्या खर्चापोटी भाडे वाढवता येते, खर्चाच्या वार्षिक १५ टक्क्यांच्या मर्यादेत.

तुमच्याकडे चार भाडेकरू आहेत, म्हणजे तिघांची सही हवी. त्यांच्या भागासाठी ६ लाख खर्च आला तर वर्षाला कमाल ९०,००० रुपये. चौघांत सारखे वाटले तर प्रत्येकी महिन्याला १,८७५. आज १०० रुपये देणारा माणूस ही सही सहज करणार नाही. म्हणून बोलणी भाड्यापासून सुरू करू नका. स्वतंत्र संडास, वेगळे वीजमीटर, नव्या वायरिंगची हमी, गळणार नाही असे छप्पर हे आधी टेबलावर ठेवा. ६ लाखांपैकी काही भाग त्यांनी आधीच उचलला तर वाढ कमी, असाही पर्याय द्या. तळमजल्यावरचा दुकानदार सहसा आधी तयार होतो. वाडा पडला तर सगळ्यात मोठे नुकसान त्याचेच असते.

भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून भाड्यातून कापून घेण्याचाही हक्क आहे, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. महिना १०० रुपये भाडे असेल तर वर्षाला ३०० रुपये. एवढ्यात कौलांची एक ओळही होत नाही. म्हणजे कायद्याने दोघांनाही एकमेकांशी बोलायला भाग पाडले आहे.

खोली रिकामी केल्याशिवाय दुरुस्ती शक्य नसेल तर कलम १६ खाली तेवढ्यासाठी ताबा मागता येतो आणि काम झाल्यावर कलम १७ प्रमाणे भाडेकरूला परत घ्यावे लागते. कोर्टात वर्षे जातात. त्यापेक्षा करार करा: खोलीचे दोघांच्या सहीचे मोजमाप, कुठल्या तारखेला रिकामी करायची, कधी परत द्यायची, मधल्या काळाचे भाडे कोणी भरायचे, आणि उशीर झाला तर काय. मोजमाप नसले की परत येताना ‘आमची खोली एक हात मोठी होती’ हा वाद ठरलेला.

दुरुस्त झालेल्या रिकाम्या खोल्या पुन्हा जुन्या पद्धतीने भाड्याने देऊ नका. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सच करा. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना दिलेल्या जागेला भाडे नियंत्रण लागू होत नाही. मेन रोडला लागून असलेल्या दर्शनी भागासाठी असा भाडेकरू मिळाला तर कर्जाचा हप्ता त्यातूनच निघू शकतो.

आयकर: एकच खर्च, तीन वेगळे निकाल

इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. तुम्ही स्वतः राहता त्या भागाच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढले तर व्याजाची वजावट प्रत्येकाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. तिघे भाऊ वाड्यात राहत असतील आणि कर्ज तिघांच्या नावे असेल तर मर्यादा प्रत्येकाची वेगळी. कर्ज थोरल्याच्या एकट्याच्या नावे काढले की दोघांची वजावट बुडाली.

भाड्याने दिलेल्या भागावर, तुम्ही दुरुस्तीला एक रुपया लावा की दहा लाख, भाड्याच्या ३० टक्के ठोक वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च कितीही असो. व्याज मात्र पूर्ण वजा होते. त्यातून तोटा निघाला तर जुन्या प्रणालीत तो इतर उत्पन्नातून वर्षाला २ लाखांपर्यंतच वळवता येतो, आणि नव्या प्रणालीत वळवताच येत नाही.

तोच भाग तुम्ही स्वतः व्यवसायासाठी वापरला, म्हणजे निवास-न्याहारी, खाणावळ, पैठणीचे दुकान असे काही चालवले, तर हिशेब बदलतो. चालू दुरुस्ती त्या वर्षीच्या खर्चात धरता येते आणि भांडवली कामावर घसारा (झिजेपोटी दरवर्षीची वजावट) मिळतो. राहत्या इमारतीला घसारा ५ टक्के, हॉटेल व इतर इमारतींना १० टक्के. म्हणजे ज्या १० लाखांच्या कामावर भाड्याच्या हिशेबात शून्य मिळाले असते, त्याच कामावर इथे पहिल्या वर्षी १ लाखाचा घसारा. ‘भाड्याने देऊ की स्वतः चालवू’ हा प्रश्न काम सुरू करण्याआधी सीएसमोर ठेवा, नंतर नाही.

आणखी एक गोष्ट, पुढे कधी वाडा किंवा हिस्सा विकला तर. १ एप्रिल २००१ नंतर केलेल्या सुधारणेचा भांडवली खर्च विक्रीच्या नफ्यातून वजा होतो. वडिलोपार्जित मिळकतीला त्या तारखेचे बाजारमूल्य नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्यावे. ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. त्या आधी मिळालेल्या जमीन-घराबाबत निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा हिशेबही तुलनेला घेता येतो. २० लाखांच्या जीर्णोद्धाराची बिले जपली नाहीत तर नुसत्या १२.५ टक्क्यांच्या हिशेबाने अडीच लाखांचा कर जादा भरावा लागेल. संयुक्त खाते उघडायचे ते यासाठी. सुतार, गवंडी, पाथरवट रोखीने मागतात. त्यांची हजेरी वही ठेवा, सही घ्या, आठवड्याचा पगार खात्यातून किंवा यूपीआयने द्या. बिलावर नुसते ‘दुरुस्ती’ न लिहिता ‘७ तुळयांची टोके बदलणे, साग अमुक घनफूट’ असे लिहून घ्या. रंगरंगोटी भांडवली खर्चात धरत नाहीत. आणि जे व्यवसायाच्या खर्चात दाखवले ते इथे पुन्हा दाखवता येत नाही.

जीएसटीबद्दल एवढेच. नोंदणीकृत ठेकेदाराच्या बिलावर १८ टक्के लागतो आणि तो परत मिळत नाही. साग, चुना, कौले स्वतः घेऊन मजुरी थेट कारागिरांना दिली तर मजुरीवरचा कर वाचतो. पण मग देखरेखीला रोज कोणीतरी उभे राहायला हवे. ते जमणार नसेल तर १८ टक्के भरा. चुन्यात सिमेंट मिसळलेले तुम्हाला महिन्याभराने कळण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

बाहेरचा पैसा

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत ऐतिहासिक इमारतींचा जीर्णोद्धार हा विषय कंपनी अधिनियम २०१३ च्या सातव्या अनुसूचीत स्पष्ट आहे. पण तो पैसा खासगी माणसाच्या घरावर खर्च करता येत नाही. तो नोंदणीकृत संस्थेला मिळतो. तिच्याकडे आयकराची धर्मादाय नोंदणी आणि सीएसआर-१ क्रमांक (हा निधी घेण्यासाठीची केंद्र सरकारकडची नोंदणी) असावा लागतो. वाड्याचा दर्शनी भाग, देवघर किंवा दिवाणखाना संग्रहालय, वाचनालय अशा सार्वजनिक उपयोगासाठी न्यासाला दीर्घ मुदतीने द्यायची तयारी असेल तरच हा विषय काढा. आणि एकदा वास्तू न्यासाची झाली की ती विकायला किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. घरच्यांना हे आधी सांगा.

पर्यटनाची वाट नाशकात जास्त चालणारी आहे. राज्याच्या ‘आई’ या महिला केंद्रित पर्यटन धोरणात (२०२३) महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचे व्याज परत मिळते, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, सात वर्षे किंवा साडेचार लाख रुपये होईपर्यंत. वाड्यातल्या सुनेच्या किंवा बहिणीच्या नावे निवास-न्याहारीचा व्यवसाय खरोखर चालणार असेल तर हे बघण्यासारखे आहे. नावापुरते दाखवले तर हप्ते तिच्या डोक्यावर बसतात. पर्यटन संचालनालयाची नोंदणी आधी, बँक नंतर. बँकेचे अधिकारी मिळकत पत्रिका, सर्व सहमालकांची संमती आणि तो तुळयांचा अहवाल मागतील. तुम्ही तो केलेलाच आहे.

घरपट्टीचा सापळा

१ एप्रिल २०१८ पासून नाशिक महापालिकेने नव्या मिळकतींसाठी करयोग्य मूल्याचे दर बरेच वाढवले. जुन्या मिळकतींचे मूल्य जुन्या दराने चालू आहे. तुमच्या कामाची नोंद ‘नवीन बांधकाम’ अशी झाली तर घरपट्टी कितीतरी पटींनी वाढू शकते. म्हणून अर्ज, नकाशे आणि पूर्णत्वाच्या कागदांवर सगळीकडे ‘दुरुस्ती व जतन’ हेच शब्द असू द्या. क्षेत्र वाढलेले नाही हे आधीच्या-नंतरच्या मोजमापाने दाखवा. वापर बदललात तेवढ्याच भागाला व्यावसायिक दर लागेल. तो भाग नकाशावर रंगवून वेगळा दाखवा, नाहीतर सगळा वाडा व्यावसायिक धरला जाईल.

कामाचा क्रम आणि वेळ

पैसा तुकड्यांत येणार असेल तर आधी छप्पर आणि पन्हळ, मग मोऱ्या-संडासांचे पाणी, मग वाळवीचा बंदोबस्त आणि लाकूड, मग गिलावा, आणि दर्शनी भागाचे कोरीव काम सगळ्यात शेवटी. लोक उलट करतात. दर्शनी भाग चकाचक होतो आणि दुसऱ्या पावसात त्याच्यामागची कडी खाली येते. विरवलेला चुना किमान पंधरवडाभर भिजवून ठेवावा लागतो. महिनाभर मुरला तर उत्तम. काम सुरू होण्याच्या दिवशी चुना आणला तर गवंडी त्यात सिमेंट घालणारच. अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीच्या मांडणीत करून घ्या. सागाच्या सांध्यासारख्या कामांचे दर सूचीत सापडत नाहीत. तिथे दोन सुतारांची लेखी दरपत्रके जोडा. एकूण रकमेच्या वर १५ ते २० टक्के राखीव धरा, कारण गिलावा काढल्याशिवाय भिंतीतले टोक दिसत नाही.

लाकूड उघडे पडणारे कोणतेही काम जूनआधी छपराखाली आले पाहिजे. त्यात आता सिंहस्थ कुंभमेळ्याची भर आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि अमृतस्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये. त्या काळात पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या गल्ल्यांत साहित्याचा टेम्पो शिरणे आणि राडारोडा बाहेर काढणे जवळपास अशक्य होईल. पाथरवट आणि चांगले सुतार आधीच घाट-मंदिरांच्या कामांवर जातील. परवानग्या, वारस नोंद, भाडेकरूंच्या सह्या आणि अहवाल हे सगळे त्या गर्दीतही होऊ शकते. नोटिशीचे उत्तर म्हणून लागणारे टेकू आणि छप्पर आत्ता करा, लाकडाचे मोठे काम २०२७ च्या दिवाळीनंतर उघडा, आणि मधल्या काळात वारसा यादीचा अर्ज व बँकेची फाईल पुढे सरकवा.